भुतांचे गुणांकन
जुन्या, तुटपुंज्या भांडवलाच्या भयपटांना पाचपैकी तारे देणारे आधुनिक रसिक, म्हणजे भीती न वाटल्याबद्दल आनंदित होणारे प्रेक्षक, रामसे बंधूंपाशी हमखास अडखळतात. १९७२च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’पासून या सात भावांनी दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी अशी खाती घरातल्या घरात वाटून घेतली, सेटचा खर्च टाळण्यासाठी महाबळेश्वर गाठले आणि उरलेल्या उणिवांवर धूर सोडला, यालाच आता शैली म्हणतात. रामसेंच्याच ‘पुराना मंदिर’मधील सामरी हा सैतान मुंडके एकीकडे आणि धड दुसरीकडे अशा अवस्थेतही कथा पुढे रेटतो, तर विनोदी उपकथानकात, म्हणजे मुख्य कथेला विश्रांती देणाऱ्या दुय्यम कथेत, जगदीप ‘शोले’चे विडंबन करतात, ज्याचा सामरीशी काय संबंध हे क्षेत्र संशोधनाला अद्याप खुले आहे. मुखवट्याचे रबर दिसले की अर्धा तारा कापणारे परीक्षक त्याच रबरासाठी ‘निरागसता’ या शीर्षाखाली दीड तारा परत करतात, त्यामुळे बेरीज कधीच जुळत नाही. ‘पुराना मंदिर’ १९८४च्या यशस्वी हिंदी चित्रपटांत गणला गेला, आणि तेव्हा तिकीट काढणाऱ्यांना कोणी तारे विचारले नव्हते.