पाच विषय आणि एक भोपळा

शाळेत निवडीचं स्वातंत्र्य म्हणून मला जे काही मिळालं ते आठवीच्या पहिल्या आठवड्यात: संस्कृत शंभर मार्कांचं घेणार की पन्नास. त्यातही सातवीत ज्यांना बरे मार्क होते त्यांना सरांनी न विचारताच शंभराच्या वर्गात बसवलं. त्यामागे कालिदास नव्हता; विषय 'स्कोअरिंग' होता. कार्यानुभवात मुलांनी फिनेल करायचं आणि मुलींनी कापडी फुलं, हेही आधीच ठरलेलं. आमचं फिनेल शाळेच्याच मुतारीत वापरलं जायचं, त्यामुळे आपण केलेल्या अभ्यासाचा उपयोग काय हा प्रश्न निदान त्या विषयात पडला नाही. पुढे अकरावीत कुणी बायफोकलला गेले कारण मित्र गेला, आणि आमच्यानंतरच्या पोरांनी मराठी सोडून आयटी घेतलं कारण त्यात मार्क पडतात. मराठीच्या भवितव्याची काळजी करणाऱ्या घरांतही मुलं आयटीच घेतात असं माझं निरीक्षण आहे.

अशा माणसाला भाचीचे ऐच्छिक विषय निवडायला बोलावणं म्हणजे जन्मभर राइस प्लेट खाल्लेल्याच्या हाती मेनूकार्ड देणं. पण ताईचा फोन आला आणि मी मिरजेला गेलो.

ताईनं मुलीला पाचवीनंतर शाळेतून काढलं. का, ते तिला विचारा. तिला आवडतं सांगायला. नातेवाइकांचे त्यावर दोनच प्रश्न असतात. पहिला, हे कायद्यात बसतं का? 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाबद्दल सगळं आहे, घरी शिकणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. अवाक्षर नाही म्हणजे मनाई, असं आमचे काका म्हणतात. अवाक्षर नाही म्हणजे परवानगी, असं ताई म्हणते. लग्नकार्यात ही सुनावणी हमखास होते आणि जेवणाची पंगत बसली की तहकूब होते. दुसरा प्रश्न, मग ती दिवसभर करते काय? हा प्रश्न शाळेत जाणाऱ्या मुलांबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

ताईच्या बाजूचे लोक मुंबईच्या मालविका जोशीची बातमी पाठवतात. सातवीत शाळा सुटली, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नाही, पण संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि 2016 साली थेट एमआयटीत प्रवेश. भाचीला ही बातमी तोंडपाठ आहे. "मामा, शाळेत होते तेव्हाही शेजारच्या हुशार मुलीचं उदाहरण द्यायचे, शाळा सोडली तरी देतात. मग सोडून काय उपयोग?"

तसं घरी शिकणं आपल्याकडे कुठे नवीन आहे? अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावानं डोळे वटारले, तर ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. त्या रानात 1858 साली रमाबाई जन्मल्या आणि आईकडूनच शिकल्या. पुराणं मुखोद्गत. वीस वर्षांनी कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. आनंदीबाई जोशी, रमाबाई रानडे, याही शिकल्या घरीच. फरक इतकाच की तिथे शिक्षक नवरा होता आणि विषयही त्यानंच निवडलेले. यातल्या कुणापुढे 'खालीलपैकी कोणतेही पाच निवडा' असं ठेवलं असतं तर काय झालं असतं, याचा मी एसटीत बसून विचार करत होतो. तेवढ्यात तासगाव फाटा गेला.

तर कोणतेही पाच. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, पण तिथे विषयांचं ताट बरंचसं वाढलेलंच असतं. म्हणून घरी शिकणारी बरीच मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे जातात. बोलताना सगळे 'एनआयओएस'च म्हणतात. 1989 साली 'नॅशनल ओपन स्कूल' म्हणून ती सुरू झाली. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. पाच विषय, त्यात निदान एक भाषा हवी, हौस असेल तर वर दोन जास्त. पास व्हायला 33 टक्के. पाच वर्षांत नऊ संधी, आणि जो विषय सुटला तो सुटला, परत द्यावा लागत नाही. ही शेवटची सोय ऐकून मी क्षणभर माझी बारावी आठवून हळवा झालो.

विषयांची यादी ताईनं छापून आणली होती. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र असे ओळखीचे चेहरे होतेच; शिवाय मानसशास्त्र, गृहविज्ञान, चित्रकला, हिंदुस्थानी संगीत, लेखाशास्त्र, डेटा एंट्री, भारतीय संस्कृती आणि वारसा. तासाभरात यादीला पेन्सिलीच्या एवढ्या खुणा झाल्या की मूळ छपाई दिसेना. ताईनं मानसशास्त्रावर गोल केला. तिला स्वतःला ते एफवायला घ्यायचं होतं आणि वडिलांनी कॉमर्सला घातलं होतं. भावोजींचा गोल डेटा एंट्रीवर, कारण 'कुठेही उपयोगी पडतं'. आजीनं गृहविज्ञान सुचवलं, पण त्यात पुरणपोळी नसून जीवनसत्त्वं, कापडाचे तंतू आणि घरखर्चाचं नियोजन आहे हे कळल्यावर तिचा रस कमी झाला. मी चित्रकलेवर खूण केली. इंटरमिजिएटच्या परीक्षेत मला सी ग्रेड होती. ते दुःख अजून आहे.

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, यादी दोनदा वाचली आणि चष्मा काढला. आयुष्यभर त्यांनी हायस्कूलला गणित शिकवलं. "गणित इथे ऐच्छिक आहे?" त्यांनी विचारलं.

"हो अण्णा."

"म्हणजे एखादा मुलगा गणित न घेता दहावी पास होऊ शकतो?"

"होतात पुष्कळ."

अण्णांनी चहा अर्धा ठेवला. राज्य मंडळानं मध्ये काही वर्षं 'सामान्य गणित' असा पर्याय दिला होता तेव्हाही त्यांना असंच झालं होतं, आणि तो बंद झाला त्या दिवशी त्यांनी पेढे आणले होते असं आई म्हणते.

या सगळ्यात उमेदवार गैरहजर होती. ती सतारमेकर गल्लीत होती. दुपारी ती तिथेच असते.

मिरजेच्या या गल्लीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इथले मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात लढाया आटल्या, हत्यारांना गिऱ्हाईक राहीना, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं वाद्यांत हात घातला. विषय बदलला म्हणा ना. कुणाचं समुपदेशन नाही, कलचाचणी नाही. पुढे मिरजेचे तंबोरे देशभर गेले; 2024 साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

अण्णा आणि मी तिला बोलवायला गेलो. दुकानात छतापर्यंत वाळलेले भोपळे टांगलेले. भाची खाली मांडी घालून बसली होती, समोर एक आडवा तंबोरा, हातात बारीक कानस. दुकानाचे मालक चाचा शेजारी बसून तिच्या हाताकडे बघत होते, तोंडानं काही सांगत नव्हते. तार सैल करायची, घोडीच्या माथ्यावरून कानस अगदी हलकी फिरवायची, भुसा फुंकायचा, तार चढवायची, छेडायची. तार नुसती ठण् वाजली की परत सैल. मग तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तो आला आणि त्या एका तारेतून दहा तारा वाजल्यासारखं दुकान भरून गेलं. चाचांनी मान हलवली, भाचीनं कानस खाली ठेवली.

"हिंदुस्थानी संगीत आहे की यादीत!" मी म्हणालो. मला प्रश्न सुटल्यासारखं वाटलं.

"मला गायचं नाहीये, मामा. वाजवायचंही नाही. मला ही अशी जवारी काढायचीये."

तो विषय यादीत नव्हता. अण्णा मात्र खुलले होते. त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली (निवृत्त झाले तरी असते) आणि तारेची लांबी मोजून सांगू लागले, निम्म्यावर दाबलीस तर वरचा षड्ज, दोन तृतीयांश ठेवलीस तर पंचम, तीन चतुर्थांशावर मध्यम. "हे सगळं गणित आहे, बाळ."

"पण आजोबा, ते कानाला कळतंच की. मग वेगळं घ्यायचं कशाला?"

पोरीचं म्हणणं बरोबर नसेल, पण त्यावर तिथल्या तिथे उत्तर अण्णांकडेही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला जरा हायसं वाटलं. जवारी हा विषय असता तर त्याला पाठ्यपुस्तक असतं, 'जवारीचे महत्त्व पाच ओळींत लिहा' असतं, स्वाध्यायाची वही असती, आणि दोन महिन्यांत पोरगी दुपारी घरी झोपा काढायला लागली असती. तिचं तिथलं रोज जाणं यादीबाहेर राहिलं आहे म्हणूनच टिकलं आहे. ताईला हे मी बोललो नाही. तिनं नाहीतर त्याचंही वेळापत्रक केलं असतं.

शेवटी अण्णांनी चाचांनाच विचारलं, हिनं काय शिकावं? मला वाटलं, आता घराणं, रियाज, उस्ताद असं काही ऐकायला मिळणार. चाचांनी मागच्या फळीवरून एक लांबट वही काढली. मधून पानं सुटलेली, नावं अर्धी उडालेली. कुणी आगाऊ दिलेले, कुणी द्यायचे राहिलेले, एक नामवंत गवई तर तंबोरा घेऊन गेले ते अजून 'पुढच्या बैठकीनंतर देतो' म्हणतात.

"हे शिकवा हो तिला," चाचा म्हणाले. "आमच्या घरात वाद्य सगळ्यांना करता आलं, उधारी कुणालाच वसूल करता आली नाही."

फॉर्म त्याच रात्री भरला. मराठी, इंग्रजी, विज्ञान, गृहविज्ञान आणि लेखाशास्त्र. गृहविज्ञान आजीसाठी नाही, कापडाच्या तंतूंसाठी. जवारीला कुठलं सूत चांगलं हे तिला बघायचं आहे म्हणे. डेटा एंट्रीला नकार मिळाल्यावर भावोजींनी वाय-फायचा पासवर्ड बदलला, पण तो तिनंच सेट करून दिला. अण्णांच्या मते लेखाशास्त्र म्हणजे गणित नव्हे, नुसती बेरीज-वजाबाकी. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारात जाऊन खतावणीची जाड वही घेऊन आले आणि पहिल्या पानावर, डाव्या बाजूला, त्या गवयांचं नाव लिहायला भाचीला सांगितलं.