निरोप्याची बिनपगारी नोकरी

चॅट गेटवे चालवणाऱ्या माणसाला कुणी मुलगी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझं लग्न आधीच उरकलं होतं म्हणून निभावलं.

काम तसं निरुपद्रवी. एका ॲपवरचा निरोप उचलायचा, दुसऱ्या ॲपला कळेल असा बसवायचा आणि पलीकडे टाकायचा. एटापल्लीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन मशीनखाली एक जुना लॅपटॉप रात्रंदिवस हेच करतो. निमित्त सूरजागडचं. जानेवारीत तिथं ठाकूरदेवाची यात्रा भरते, इलाख्यातल्या सत्तर गावांची माणसं येतात. स्वयंसेवक पोरं टेलिग्रामवर, मास्तर-सरपंच व्हॉट्सॲपवर, आणि म्हाताऱ्यांकडे बटणांचा फोन, म्हणजे एसएमएस. पाण्याचा टँकर कुठं अडकला हे टेलिग्रामला ठाऊक, तो सोडवणारा माणूस व्हॉट्सॲपवर. मी म्हटलं, मी जोडून देतो. कुणी मागितलं नव्हतं.

खोड जुनी. चंद्रपूरला शिकताना निम्मे मित्र याहूवर, निम्मे जीटॉकवर, आणि ज्या एकीशी बोलायचं होतं ती एमएसएनवर. तेव्हा जॅबर हाती लागलं. १९९९ साली जगापुढे आलेल्या या मोकळ्या व्यवस्थेत ‘ट्रान्स्पोर्ट’ नावाचे छोटे प्रोग्राम असत. सर्व्हरवर बसून ते तुमच्या वतीनं याहूत नाहीतर आयसीक्यूत शिरायचे आणि तिथलं बोलणं तुमच्यापर्यंत आणायचे. मोठ्या कंपन्यांना हे कधीच रुचलं नाही. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं आपला मेसेंजर एओएलच्या जाळ्यात घुसवला. एओएलनं तो अडवायचा, मायक्रोसॉफ्टनं पुन्हा वाट काढायची, असं बरेच आठवडे चाललं. शेवटी एओएलनं आपल्याच प्रोग्राममधला एक दोष ओळखपरेडीला लावला. अस्सल प्रोग्राममध्ये तो दोष होता, मायक्रोसॉफ्टच्या नकलेत नव्हता. नक्कल बिनचूक निघाली म्हणून पकडली गेली! कॉपी करणाऱ्या पोरांना मी हा किस्सा आवर्जून सांगतो.

आमच्या गेटवेत पहिला घोळ नावाचा झाला. पलीकडचा प्रत्येक निरोप माझ्या जादा सिमकार्डावरून, म्हणजे माझ्या नावानं उमटतो. मूळ बोलणाऱ्याचं नाव सुरुवातीला कंसात असतं, पण आपल्याकडे कंस वाचतो कोण? टँकर आणि जेवणावळीपुरतं हे खपून गेलं. मग कुणीतरी खाणीचा विषय काढला. सूरजागडच्या लोहखनिजाचं उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर न्यायचं म्हणून २०२२ साली जनसुनावणी झाली होती. तिच्यावर ज्याला मत नाही असा माणूस आमच्या तालुक्यात जन्माला यायचाय. व्हॉट्सॲपवाले म्हणाले, रोजगार आला. टेलिग्रामवाले म्हणाले, डोंगर गेला. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, सगळं माझ्या नावावर. एकाच दुपारी मी खाणीचा कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक ठरलो, आणि दोन्ही गटांनी मला सारख्याच जोरानं झोडपलं. ढोलकीला निदान शाई तरी लावतात.

संध्याकाळी एक मामाजी दुकानात आले. आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, ती उलटसुलट करून पाहिली आणि हळूच म्हणाले, “का जी, तुमी नेमके कोनाच्या बाजूचे?”

“मी कुणाच्याच नाही, मामाजी. मी नुसता निरोप पोचवतो.”

“असं कुठी असते का बाप्पा!” म्हणाले, आणि झेरॉक्सचे पैसे न देता गेले.

त्यानंतर अहेरीच्या एका मित्राला स्फुरण चढलं. त्यानंही त्याच दोन ग्रुपांमध्ये, मला न सांगता, आपला गेटवे बसवला. गेटवेला स्वतः टाकलेला निरोप ओळखता येतो, दुसऱ्या गेटवेनं टाकलेला येत नाही. एका आत्याबाईंनी पहाटे गुलाबाचं फूल घालून ‘शुभ सकाळ’ पाठवली. माझ्या लॅपटॉपनं ती पलीकडे नेली, त्याच्यानं ती नवी समजून परत आणली, माझ्यानं पुन्हा नेली. दुपारी बाराला लाइट गेली. पण लॅपटॉपची बॅटरी मी नेमकी गेल्याच महिन्यात बदलली होती. आत्याबाईंना मात्र गावानं आपल्याला इतकं परत ‘शुभ सकाळ’ म्हटल्याचं समाधान वाटलं. अजून वाटतं.

खरी आग लावली ‘सर्वांसाठी हटवा’नं. एका गृहस्थानं व्हॉट्सॲपवर आपल्या व्याह्याबद्दल चार शब्द लिहिले, भानावर येऊन लगेच पुसले. व्हॉट्सॲपवरून ते पुसले गेले. टेलिग्रामवर नाही, कारण पुसल्याचा निरोप पलीकडे न्यायला मी माझ्या गेटवेला शिकवलंच नव्हतं. व्याही टेलिग्रामवर होते. शिवाय हे सगळं एसएमएसनंही गेलं होतं, आणि बटणांच्या फोनात गेलेला शब्द कुणाच्या बापाला मागे घेता येत नाही.

मार्च २०२४ पासून युरोपात कायद्यानंच व्हॉट्सॲपला इतर ॲपांसाठी दार उघडायला लावलंय म्हणे. एटापल्लीत तो कायदा लागू नाही. इथं दोन्ही व्याही माझ्या दुकानात समोरासमोर बसले, माझ्या खर्चानं तीनदा चहा झाला आणि ठराव झाला: यापुढे प्रत्येक निरोप पाच मिनिटं थांबवून पाठवायचा, म्हणजे माणसाला शहाणपण सुचायला वेळ मिळेल.

टँकरची बातमीही आता पाच मिनिटं उशिरा जाते. त्याबद्दल टेलिग्रामवरून आत्ताच एक सणसणीत तक्रार आली आहे. ती पाच मिनिटांनी व्हॉट्सॲपवर पडेल, माझ्या नावानं.