आधी झाड पाळा

पडवीच्या एका टोकाला पोपटाचा पिंजरा, दुसऱ्या टोकाला टांगलेलं ऑर्किड. ही हौस रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या सावर्ड्यात कुणाला वाटली तर नवल नाही. पण तिच्यासाठी रानातून जे उचललं जातं, त्याचा हिशेब मांडायलाच हवा.

आधी पोपट. नराच्या गळ्याशी कंठी असलेला, तांबड्या चोचीचा आपला राघू हा वन्यजीव आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आमच्याकडे आजोबांच्या काळापासून पोपट आहे’ ही सबब इथं चालत नाही.

कायदा घटकाभर बाजूला ठेवा. पिंजऱ्यातला पोपट येतो कुठून? ढोलीत हात घालून पंख न फुटलेली पिल्लं काढली जातात. काही वाटेतच मरतात. जे जगतं, ते वीस-पंचवीस वर्षं जगू शकतं. थव्याने रान पालथं घालणारा हा पक्षी मग एवढं आयुष्य चार गजांच्या आत, भिजवलेली डाळ आणि मिरची खात काढतो. यात प्रेम कसलं?

परदेशी पक्ष्यांचं वेगळं. बजरिगर, कॉकाटील पाळायला बंदी नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव यांसारखे, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात येणारे पक्षी ठेवायचे, तर २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. असा पक्षी आणि ऑर्किड एकाच घरात नांदवायचं असेल तर एक ओळखून असा : पान दिसलं की पोपट कुरतडणारच. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडचं पान विषारी नसतं. धोका असतो तो आपण मारलेल्या कीटकनाशकाचा आणि कुंडीतल्या खताच्या गोळ्यांचा. शिवाय ऑर्किडला हवी असते ओल, आणि पावसाळ्यातल्या त्याच ओलीने पिंजऱ्यातल्या दाण्यांना बुरशी धरते. म्हणून दोघांना वेगळ्या जागा द्या, आणि पक्ष्याच्या आसपास फवारा मारू नका.

आता ऑर्किड. पावसाच्या तोंडावर आंब्या-फणसावर सीतेची वेणी लोंबू लागते. आसाम आणि अरुणाचल प्रदेशाने याच फुलाला राज्यफुलाचा मान दिला आहे. आपल्याकडे बांडगूळ समजून तिच्यावर कोयता चालतो. बांडगूळ फांदीत शिरून रस ओढतं. सीतेची वेणी फांदीला नुसती धरून बसते. तिच्या पांढरट मुळांवरचं स्पंजासारखं आवरण पावसाचं पाणी टिपून घेतं. झाडाचं ती काही खात नाही.

आणि कोयत्यातून वाचली, तर हौशी माणूस ती ओरबाडून घरी नेतो. ऑर्किडच्या एका शेंगेत धुळीसारख्या हजारो बिया असतात, पण त्यांच्यात अन्नसाठा नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजतं, आणि फुलावर यायला कित्येक वर्षं जातात. घाटातून उपटलेली एक जुडी भरून यायला किती काळ लागेल, याचा अंदाज करा.

पोपट आणि ऑर्किड, दोघांनाही जुनं झाड लागतं. आंबा, फणस, आईन, किंजळ. सुतार आणि तांबट पक्षी खोड पोखरतात, पुढे त्याच ढोलीत पोपट संसार मांडतो. वरच्या खरबरीत फांदीवर ऑर्किड मुळं रोवतं. कोवळ्या कलमांच्या बागेत ही सोय नाही.

ही झाडं आपण घालवतो आहोत. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेचे जुने वृक्ष गेले. पण सगळा दोष महामार्गावर ढकलून मोकळं होता येणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक रान खासगी मालकीचं आहे. झाड राखायचं की लाकूडवाल्याला द्यायचं, हे आधी आपल्याच ओटीवर ठरतं. पोकळ झालेलं झाड आपल्याला बिनकामाचं वाटतं. पोपटाला नेमकं तेच हवं असतं.

पोपट पेरू टोकरतो, भाताच्या लोंब्या तोडतो, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. तिच्यावर जाळी आहे, राखण आहे. पिंजरा हा तिच्यावरचा उपाय नाही.

मग करायचं काय? घरात राघू असेल तर तो एकदम सोडून देऊ नका. उडायची आणि खाणं शोधायची सवय मोडलेला पक्षी बाहेर टिकत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि त्यांच्या हवाली करा. वादळात फांदी मोडून पडली असेल, तर तिच्यावरचं ऑर्किड पावसाच्या सुरुवातीला काथ्याने दुसऱ्या आंब्याला बांधा. कुंडीतच हवं असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं डेंड्रोबियम ऑर्किड घ्या. आपल्या दमट हवेत ते चांगलं येतं. मांडकी-पालवण आणि खरवते-दहिवली इथल्या कृषी महाविद्यालयांना माझी विनंती आहे : सीतेच्या वेणीची रोपं तयार करून गावकऱ्यांना द्या. रोप रास्त दरात मिळालं, तर रानात हात घालायचं कारण उरणार नाही.

पाऊस सरला की लाकूडवाला दारात येईल आणि परसातल्या पोकळ आंब्याचा भाव करील. त्याला ‘नाही’ म्हणा. सावर्ड्यात पोपट आणि ऑर्किड दोन्ही पाळायची हीच एक रीत आहे, आणि तिला पैसाही लागत नाही.