दर शुक्रवारी नवीन

दर शुक्रवारी जगात नवीन टेक्नो संगीत येतं. हा वार मी ठरवलेला नाही. जुलै २०१५पासून संगीत कंपन्यांनी आपसांत ठरवून जगभर प्रकाशनाचा एकच दिवस केला. त्याआधी इंग्लंडात सोमवार, अमेरिकेत मंगळवार, जर्मनीत शुक्रवार असा कारभार होता. निराशा निदान हप्त्याहप्त्यानं यायची. आता ती एकरकमी येते, आणि शुक्रवारी येत असल्यामुळे शनिवार-रविवारही तिच्यात जमा होतात.

नवीन म्हणजे किती नवीन, ते सांगतो. यातला बहुतेक माल ज्या ठोक्यावर उभा आहे, तो टीआर-९०९ या रोलंडच्या ड्रम मशीनचा. हे जपानी यंत्र १९८३ साली आलं, फारसं कुणी घेतलं नाही, आणि दोनेक वर्षांत बंदही झालं. मग ते सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागलं आणि डेट्रॉइट-शिकागोच्या कडक्या पोरांच्या हाती पडलं. त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यातल्याच डेरिक मेनं १९८७ साली ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’मध्ये बेसलाइनच ठेवली नाही आणि तरी लोक नाचले. याला नवीन म्हणतात. परवाच्या शुक्रवारच्या यादीत ठोका तोच होता. वेग तेवढा वाढलाय. बहुधा सगळ्यांना घरी लवकर जायचं असावं.

पण घरी लवकर जाता येत नाही, कारण एक्स्टेंडेड मिक्स. नाचाच्या गाण्याच्या सुरुवातीला बत्तीस बार (म्हणजे आवर्तनं) नुसता ठोका असतो, कधी चौसष्टही. मिनिटाला १३० ठोके धरले तर बत्तीस बारांना एकोणसाठ सेकंद लागतात, चौसष्टांना दोन मिनिटं. यामागे शास्त्र आहे. आधीच्या गाण्याचं शेपूट आणि पुढच्याचं तोंड डीजेला एकमेकांवर बसवायचं असतं, आणि तेवढ्यात मध्ये सूर आले तर त्यांची मारामारी होते. कारण मला पूर्ण मान्य आहे. फक्त मी डीजे नाही. मी जेवणानंतर घरी स्पीकर लावून बसणारा माणूस आहे. माझ्याकडे शेपूट नाही.

“गाणं कधी सुरू व्हायचंय रे?” आई आतून विचारते.

“सुरू आहे अगं.”

“मग हे काय वाजतंय?”

“तेच.”

आपल्याकडच्या सत्कार समारंभात स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय असं सगळं होऊन मग सत्कारमूर्ती तीन मिनिटं बोलतात, तशी ही रचना आहे. शेवटी दोन मिनिटं आभारप्रदर्शनही असतं, त्याच ठोक्यात. मधे एकदा ठोका थांबवतात. तो परत आला की आपल्याला आनंद व्हावा, अशी अपेक्षा असते. माझ्या बाबतीत ती अपेक्षा पूर्ण होत नाही. थांबला होता तेव्हाच बरं वाटत होतं.

या लांबणीचा इतिहास तर जास्तच त्रासदायक आहे. सत्तरच्या दशकात न्यू यॉर्कमध्ये टॉम मोल्टन हा मिक्स करणारा माणूस चाचणी तबकडी कापून घ्यायला गेला, तर कारागिराकडच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या. म्हणून त्यानं दहा इंचीवर कापून दिली. ऐसपैस खाचांमुळे आवाज दणदणीत आला, आणि त्यातूनच पुढे बारा इंची सिंगल रूढ झाली. त्या दिवशी दुकानात माल वेळेवर आला असता तर माझ्या संध्याकाळी वेगळ्या गेल्या असत्या.

आता रिमिक्स. एका प्रकाशनात एक गाणं असतं आणि त्याची चार रिमिक्सं. मूळ गायिकेचा त्यांत अर्धा श्वास ठेवतात, ओळख पटण्यापुरता. ‘एज ऑफ लव्ह’ घ्या. मूळ १९९० सालचं. १९९२मध्ये जॅम अँड स्पूननं त्याचं रिमिक्स केलं, आणि आता लोक त्यालाच मूळ समजतात. २०२१मध्ये शार्लट डी विट आणि एन्रिको सांजुलियानोनं पुन्हा केलं, आणि ते नवीन म्हणून आलं. चांगलं आहे, तेही कबूल करतो. पण १९९०च्या त्या बिचाऱ्या मूळ गाण्याला कुणी विचारतं का? या धंद्यात सरळ बोलणारा मला एकच दिसला, एफेक्स ट्विन. त्यानं आपल्या रिमिक्सांचा संग्रह २००३ साली काढला आणि त्याला नाव दिलं ‘२६ मिक्सेस फॉर कॅश’. पैशासाठी केलं, असं मुखपृष्ठावरच. बाकीचे ‘कलात्मक संवाद’ म्हणतात.

मध्यंतरी गाणी विकणाऱ्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानानं टेक्नोचे दोन कप्पे केले: एक ‘पीक टाइम / ड्रायव्हिंग’, दुसरा ‘रॉ / डीप / हिप्नॉटिक’. मी डोंबिवलीचा. पीक टाइमला लोकलमध्ये हात हलवायला जागा नसते, नाचायचं कुठून?

आपल्याकडे मात्र नवीन झालं होतं, आणि तेही वेळेआधी. मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ साली टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तशाच आवाजाचं शिकागोतलं ॲसिड हाऊस तबकडीवर यायला अजून पाच वर्षं होती. इथं कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१०मध्ये एका डच लेबलनं ती तबकडी पुन्हा काढली, तेव्हा आम्हाला अभिमान वाटू लागला. अठ्ठावीस वर्षं कसला शुक्रवार शोधत होतो कोण जाणे.

इतकं सगळं असूनही मी नाचायला गोव्याला गेलो. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून पाळोळ्याला हेडफोन लावून नाचतात. आम्ही गेलो तिथे तीन डीजे, तीन चॅनेल, आणि ज्याचं ऐकाल त्याचा रंग कानावर पेटतो. मी हिरवा लावला. बघता बघता आजूबाजूचे सगळे निळे झाले, उरलेले लाल. हिरव्या डीजेनं मान वर करून गर्दीकडे पाहिलं आणि त्याला मी दिसलो. त्यानं हात केला. मीही केला. आता चॅनेल बदलणं बरं दिसलं नसतं. तो पाऊण तास फक्त माझ्यासाठी वाजवत होता, समोर एकच श्रोता, आणि तरी प्रत्येक गाण्याआधी त्यानं दोन मिनिटं नुसता ठोका लावला.