दोन झाडांमधलं बिऱ्हाड

तंबूवाल्याला रात्रीपुरती सपाट जागा मिळाली की झालं. हॅमॉकवालीला झाडं जमवावी लागतात, आणि ते काम लग्न जमवण्याइतकंच किचकट आहे. दोन बुंध्यांत बारा ते पंधरा फुटांचं अंतर हवं. एखादा आंबा देखणा, घरंदाज, पण आसपास त्याच्या जोडीचं कुणी नाही. अंतर जुळावं तर एकाला वाळवी. दोघंही ठणठणीत निघाले तर मधोमध करवंदाची जाळी नणंदेसारखी ठाण मांडून बसलेली.

गडमाथ्यावर तर स्थळंच येत नाहीत. कातळावर मातीचा पातळ थर; त्यात गवत तगतं, उतारावर कारवी माजते. कारवीच्या काठ्या झोपडीच्या कुडाला उत्तम, माझ्या वजनाला नाही. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, देवी आहे, वारा आहे, झाड नाही. म्हणून एकटीच्या भटकंतीत मी रतनगड चढून उतरले आणि खाली रतनवाडीत एका बांधावरच्या दोन आंब्यांची सोयरीक जुळवली.

शास्त्र सोपं आहे. खोडाची साल सोलवटू नये म्हणून दोरीऐवजी रुंद पट्टा. पट्ट्याचा कोन साधारण तीस अंश. खाटेसारखं ताणून बांधलं तर कापड दोन्हीकडून खांदे आवळतं. ढिलं बांधून आत तिरकं झोपलं की पाठ सपाट राहते. उरली थंडी. ती खालून येते. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग वजनानं चेपतो, त्यातली हवा जाते आणि हवेबरोबर ऊबही जाते. पाठीखाली फोमची चटई हवीच. डिसेंबरात भंडारदऱ्याकडचा वारा रात्रभर खालून चौकशी करत असतो.

वरून चौकशी करायला गाव असतं.

पट्टे बांधत होते तेव्हा बांधावर एक मावशी येऊन उभ्या राहिल्या. शेत त्यांचंच. मी परवानगी मागितली. त्यांनी कापड चाचपलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “लेकरू कुठंय?”

“लेकरू नाही मावशी. मीच झोपणार यात.”

कोलंबसानं १४९२ साली बहामातल्या लोकांना सुती जाळ्यांत झोपलेलं पाहिलं, तेव्हा तोही असाच बघत राहिला असावा. पण त्यानं पुढचा प्रश्न विचारला नसेल. “एकटीच आलीस? घरी भांडून आलीस का?”

एकांत हवा म्हणून आले, असं मी सांगितलं. मावशींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि एकांत पातळ करायची व्यवस्था केली. तासाभरात पिठलं-भाकरी आली. भाकरीमागे नातवंडं आली. नातवंडांना शोधायला त्यांचा बाप आला आणि दोन्ही गाठी ओढून बघून गेला. तंबूला निदान चेन लावता येते. झाडाला लटकलेल्या बाईनं ‘आत कुणी नाही’ असं कसं भासवायचं?

भासवता येतं, हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. मावशी एकट्याच आल्या, म्हणाल्या, “बघू तरी कसं वाटतं.” बसल्या, मग आडव्या झाल्या. कापडाच्या दोन्ही कडा मिटल्या आणि अख्खी मावशी दिसेनाशी झाली. पाचव्या मिनिटाला घोरणं सुरू. पहाटे उठून चूल, गुरं, पाणी, शेत करणारी बाई भर दुपारी, हाक न ऐकता झोपली होती. मी आंब्याच्या मुळीवर राखणीला बसले. एकांतासाठी सामान पाठीवर वाहून आणलं मी आणि तो लाभला त्यांना. कापडाला खरं गिऱ्हाईक भेटलं होतं.

तेवढ्यात सून आली. “ताई, आत्याबाई दिसल्या का?”

“इकडे नाही आल्या,” मी म्हटलं.

सुनेनं ताणलेले पट्टे पाहिले. जमिनीपासून वीतभर उरलेली झोळी पाहिली. घोरणंही ऐकलं असावं. मग पदर खोचत शांतपणे म्हणाली, “बरं. नाही आलेल्या आत्याबाई उठल्या की त्यांना सांगा, आता नंबर माझा.”