चालत नाही!

'ॲप चालत नाही. लवकर बघा!!!'

संपली तक्रार. कुठलं ॲप, कुठल्या फोनवर, काय करताना, पडद्यावर काय आलं, सगळं गुलदस्त्यात. पुरावा म्हणून संगणकाच्या पडद्याचा मोबाइलवरून तिरका काढलेला फोटो. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब झकास आलंय, एरर मात्र अंगठ्याखाली. 'काय मेसेज आला होता?' विचारलं तर उत्तर तयार: 'काहीतरी इंग्रजीत होतं, मी ओके करून टाकलं.' म्हणजे पंचनाम्याआधीच मुद्देमाल गायब!

आपल्या तक्रारीची तीन वाक्यं ठरलेली असतात. 'कालपर्यंत चालत होतं', 'मी काहीच केलं नाही' आणि 'सगळ्यांनाच होतंय'. पहिलं खरं तर लाखमोलाचं, पण अर्धवट. काल आणि आज यांच्यात बदललं काय? 'काहीच नाही हो.' खोदून खोदून विचारलं की कळतं, रात्री फोन अपडेट झालाय. दुसऱ्या वाक्याचा अर्थ, 'केलंय, पण सांगणार नाही.' आणि 'सगळे' म्हणजे कोण? मी आणि माझा मेहुणा.

यांच्याहून वरचढ मंडळी थेट निदान घेऊनच येतात. 'सर्व्हर डाउन आहे', 'डेटाबेस करप्ट झालाय', 'व्हायरस शिरलाय'. कुठे दुखतंय ते न सांगता डॉक्टरलाच औषध लिहून देणारे हे पेशंट. 'पुटी' हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सायमन टॅथम यांनी १९९९ साली बग कसा कळवावा यावर एक लेख लिहिला. त्यातला एक मुद्दा असा: काय दिसलं ते आधी सांगा आणि तुमचा तर्क त्यात कालवू नका. लेखाची कितीतरी भाषांत भाषांतरं झाली. आपली सवय कुठल्याच भाषेत गेली नाही.

दिसलं ते सांगायला धाडस लागतं, कारण दिसलेलं कधी कधी वेडगळ असतं. २००९च्या सुमारास उबुंटू लिनक्स वापरणाऱ्या एकाने कळवलं: बायको म्हणते, ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. आपल्याकडे त्या माणसाच्या हातात कुणीतरी पोवळ्याची अंगठी घातली असती. पण बाई बरोबर होत्या. प्रिंटरकडे जाणाऱ्या फाइलमध्ये तारीख असायची, तारखेत वाराची इंग्रजी अक्षरं. फाइलचा प्रकार ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका नियमात गफलत होती, त्यामुळे मंगळवारची 'टी-यू-ई' अक्षरं ठरावीक जागी दिसली की तो ती फाइल अर्लँग या प्रोग्रॅमिंग भाषेतली समजायचा. मग छापतंय कोण? बाईंनी नुसतं 'प्रिंटर बिघडलाय' म्हटलं असतं, तर प्रिंटर भंगारात गेला असता आणि नव्या प्रिंटरनेही मंगळवारी उपास धरला असता.

चांगल्या तक्रारीला लागतं तरी काय? काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. बस्स. 'मराठी नीट दिसत नाही' असं फाँट बनवणाऱ्याला कळवणं म्हणजे काहीच न कळवणं. त्याऐवजी असं लिहा: 'फोन अमुक, ॲपची आवृत्ती तमुक. नवी नोट उघडून "दुसऱ्या" टाइप केलं. "या"च्या डावीकडे अर्धा र दिसायला हवा होता. दिसला डोक्यावरचा रफार: "दुसर्या". दर वेळी होतं. दुसरा फाँट निवडला की होत नाही.' सोबत शब्द कॉपी करून जोडा आणि सरळ, बिनअंगठ्याचा स्क्रीनशॉट द्या. देवनागरीचा गंध नसलेला माणूसही यावरून चूक पकडेल. आणि एका तक्रारीत एकच दुखणं. फाँटच्या जोडीला बॅटरी, जाहिराती आणि 'आधीचा आयकॉन छान होता' नको.

प्रोग्रॅमर मंडळींनी यावर गालात हसू नये. 'माझ्याकडे तर चालतंय' हे त्यांचं पेटंट वाक्य. बग नोंदवायच्या 'बगझिला'त तर तक्रार बंद करायला 'वर्क्स फॉर मी' असा अधिकृत शेराच होता. सांगितल्या पायऱ्या करून पाहिल्या, बिघाड दिसला नाही, हा त्याचा सरळ अर्थ. पायऱ्या न करताच तो शेरा मारणारे महाभागही असतात. त्यांच्याकडे सगळंच चालतं.

पायऱ्या क्रमाने लिहिण्यात एक धोका मात्र आहे. तिसऱ्या पायरीशी येता येता लक्षात येतं की कॅप्स लॉक चालू होतं. मग तक्रारच उरत नाही. आणि तक्रारच उरली नाही, तर संध्याकाळी कट्ट्यावर बोलायचं कशावर?