वाळवंटी निवडुंगाचे गृहसंगोपन : दुर्लक्षाची शास्त्रशुद्ध पद्धत

छोट्या वाळवंटी निवडुंगाच्या संगोपनाच्या दोन पद्धती आहेत : निसर्गाची आणि घरातली. निसर्गाच्या पद्धतीत रोपाकडे कोणीही लक्ष देत नाही. घरातल्या पद्धतीत सगळेच देतात, आणि रोपाच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. मात्र निसर्गाची पद्धत आदर्श मानण्याचेही कारण नाही. तिच्यात हजारो बियांमागे एखादे रोप तगते. बाकीची उन्हाने, थंडीने किंवा उंदरांच्या भुकेने संपतात. कुंडीसकट रोख पैसे मोजून आणलेल्या एकुलत्या एका रोपाच्या मालकाला हे प्रमाण परवडत नाही, म्हणून पुढील मार्गदर्शनाची गरज निर्माण होते.

अभ्यासासाठी मॅमिलॅरिया ग्रॅहमाय ही जात घ्यावी. अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोत पसरलेल्या सोनोरा वाळवंटात ती जेमतेम वीतभर वाढते, गळासारखे वाकडे काटे बाळगते आणि बहुधा पालो वर्देसारख्या झाडाच्या विरळ सावलीत उभी असते. ‘वाळवंटातलं झाड आहे’ म्हणून कोवळे रोप एप्रिलमध्ये गच्चीवरच्या पत्र्यालगत ठेवणाऱ्यांनी या सावलीची नोंद घ्यावी. पूर्वेची खिडकी पुरते. दुसऱ्या टोकाचे साधक कुंडी टीव्हीशेजारी मांडतात. तिथे रोप उजेडाच्या शोधात फिकट आणि बारीक होत वर जाते, आणि घरात ‘छान वाढतंय हं’ असे कौतुक होते. निवडुंग झपाट्याने उंच होऊ लागला तर काळजी करावी. याच वाळवंटातला, पुढे चाळीस फूट गाठणारा सग्वारो पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंचच वाढतो.

खरेदी करताना डोळे उघडे ठेवावेत. मोडल्यावर पांढरा चीक येणारा, कुंपणाचा त्रिधारी निवडुंग या शास्त्राच्या कक्षेत येत नाही; तो युफोर्बियाच्या कुळातला. खऱ्या कॅक्टसचे काटे लवदार ठिपक्यांतून उगवतात. डोक्यावर लालभडक गोळा असलेले रोप हे एक रोप नसून दोन असतात. लाल गोळ्यात हरितद्रव्य नसते, म्हणून त्याचे ड्रॅगनफ्रूटच्या जातभाईवर कलम केलेले असते. खालचा राबतो, वरचा मिरवतो. रानात असे लाल रोप रुजल्यावर फार दिवस टिकत नाही. अनेक घरांत मात्र ही व्यवस्था वर्षानुवर्षे सुरळीत चालते.

मातीत निम्म्याहून अधिक जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे असावेत. शेणखताचा हात आखडता ठेवावा. तळाला भोक नसलेले काचेचे वाडगे दिसायला सुरेख असतात, आणि अंत्यविधीलाही तितकेच सोयीचे.

पाणी हा या शास्त्रातला सर्वांत घातक अध्याय होय. निवडुंग आपली रंध्रे रात्रीच्या गारव्यात उघडतो, घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारे लावून त्याचे अन्न करतो. इतक्या काटकसरी प्राण्याला रोजचा पेला म्हणजे अत्याचारच. सोनोरा वाळवंटातल्याच टूसॉन शहरात वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला उन्हाळी पाऊस तिथेही मॉन्सूनच म्हणवतो आणि अमेरिकी हवामान खात्याच्या हिशेबाने १५ जूनला सुरू होतो. हे साम्य पाहून कुंडी मुंबईच्या पावसात ठेवण्याचा मोह होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. टूसॉनच्या निवडुंगाची ती तीन वर्षांची बेगमी.

कृती अशी : माती पूर्ण भिजेल एवढे पाणी द्यावे, निथळू द्यावे, तळापर्यंत कोरडे होईस्तोवर थांबावे, आणि मग आणखी काही दिवस थांबावे. यातले शेवटचे थांबणे शिकायला सर्वाधिक काळ लागतो. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्यावी. हिवाळ्यात पाणी जवळपास तोडावे. पुण्या-नाशिकची कोरडी थंडी कळ्या धरायला उपयोगी पडते. सुरकुतलेले रोप पाण्याने सावरते, कुजलेले कशानेच सावरत नाही.

किडींपैकी पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसता येतो. दुसरा वर्ग अधिक चिवट असतो : तुळशीला घालून उरलेला तांब्या जाता जाता निवडुंगावर रिकामा करणाऱ्या आजी, ‘बिचारं सुकलंय’ म्हणून कळवळणारे पाहुणे, आणि घरात काटे नकोत म्हणून कुंडी रातोरात जिन्यात हलवणारे वास्तुशास्त्राचे जाणकार काका. या वर्गावर स्पिरिट चालत नाही. ‘पाणी घालू नये’ अशी पाटी लावण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याने पाणी पाटी वाचत वाचत घातले जाते, एवढाच फरक पडतो.

या सगळ्याला वैतागून थेट रानातलेच मुरलेले रोप मिळवावे, असेही काहींना वाटते. कॅक्टसच्या जवळपास सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस कराराचे नियंत्रण आहे. तरीही चिलीच्या अटाकामा वाळवंटातून कोपियापोआ हे कॅक्टस खणून नेले जातात. २०२० मध्ये इटलीच्या पोलिसांनी अशी शेकडो रोपे पकडली आणि त्यांतली बरीच पुढे चिलीला परत पाठवली गेली. याउलट मेक्सिकोतला सोनेरी काट्यांचा गोल कॅक्टस पाहावा. झिमापान धरणाच्या पाण्यात त्याच्या वस्तीचा मोठा भाग बुडाला, पण बियांपासून तो सहज होत असल्यामुळे आज रानापेक्षा रोपवाटिकांत अधिक सापडतो. म्हणून बियांपासून वाढवलेले, तुकतुकीत, सारख्या अंगाचे रोपच घ्यावे. ओरखडलेले, बुंध्याशी खरबरीत साल चढलेले जुने रोप संशयास्पद समजावे. शिवाय कोपियापोआ समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगतो. त्याच्यासाठी गॅलरीत नियमितपणे धुके सोडावे लागेल. त्याची कृती या मार्गदर्शनात दिलेली नाही.